जुना ईपीएबीएक्स ठेवून इंटरनेटवर बोलता येतं का?

प्रश्न : सुरतेत रिंग रोडच्या कापड बाजारात मी ज्या साड्यांच्या पेढीत काम करतो, तिथे जुना ईपीएबीएक्स, म्हणजे पेढीतले फोन जोडणारा बोर्ड, आहे आणि तो ठणठणीत चालतो. गोदाम सचिनला आहे. आता जो तो सांगतो, फोन इंटरनेटवर घ्या. बोर्ड आणि टेबलावरचे फोन न बदलता हे जमतं का?
– एक वाचक, उधना

उत्तर : जमतं, आणि तसंच करावं. चालता बोर्ड भंगारात घालायला सांगणाऱ्या विक्रेत्याचं ऐकू नका. बोर्ड आणि इंटरनेट यांच्या मधे व्हॉइस गेटवे नावाचं छोटं यंत्र बसवलं की झालं. ते शोधायला फार लांब जायला नको. तुमच्या शेजारच्या बडोद्याची मॅट्रिक्स कंपनी ईपीएबीएक्सही बनवते आणि गेटवेही.

बोर्डाला तारेतली वीज कळते. रिसीव्हर उचलला की प्रवाह सुरू होतो, घंटीसाठी वेगळा, जास्त दाबाचा प्रवाह येतो. इंटरनेटवर यातलं काहीच नसतं. म्हणून गेटवे तुमच्या आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतो, बहुधा वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे पाडतो आणि प्रत्येकावर पत्ता घालून पाठवतो. जी-७११ या पद्धतीत एका कॉलला सगळं धरून साधारण ८७ किलोबिट लागतात, जी-७२९ मध्ये ३१. म्हणजे एका वेळी दहा जण बोलले तरी एक मेगाबिट पुरतो! अडचण वेगाची नसतेच. दुकानातून कोणी साड्यांचे व्हिडिओ व्यापाऱ्यांना पाठवायला घेतले की आवाजाची पाकिटं मागे रखडतात आणि बोलणं तुटतं. राउटरमध्ये आवाजाला अग्रक्रम लावून घ्या.

खरी गफलत होते ती पोर्ट निवडताना. बोर्डाच्या ज्या पोर्टात आज टेलिफोनची लाइन येते, तिथे गेटवेचा एफएक्सएस पोर्ट जोडायचा. तो डायल टोन आणि घंटी देतो, त्यामुळे बोर्डाच्या लेखी ती एक्स्चेंजचीच लाइन. एफएक्सओ याच्या उलट, तो लाइन घेतो. सचिनच्या गोदामात बोर्डाचं एक्स्टेंशन हवं असेल, तर दुकानात एक्स्टेंशनच्या जोडीवर एफएक्सओ आणि गोदामात साध्या फोनसाठी एफएक्सएस. बोर्डावर पीआरआय, म्हणजे अनेक कॉल एकत्र नेणारी डिजिटल लाइन असेल, तर ई-१ पोर्टचा गेटवे लागेल. तिच्यावर एका वेळी ३० कॉल चालतात.

एफएक्सओ लावणाऱ्यांना एक गोष्ट बजावून सांगतो. पलीकडच्याने फोन ठेवला हे एफएक्सओला बऱ्याचदा एंगेज टोनवरूनच कळतं. भारतात हा टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद वाजणारा आणि पाऊण सेकंद थांबणारा. अमेरिकेत तो ४८० आणि ६२० हर्ट्झ मिळून अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचा. गेटवे अमेरिकी सेटिंगवर राहिला, तर बोलणं संपूनही लाइन अडकून राहते आणि बोल बोर्डाला लागतो. सेटिंगमध्ये देश भारत निवडला आहे का, हे बसवणाऱ्यासमोर उभं राहून पाहा.

तुमच्याकडे फायबरवरची लँडलाइन आली असेल, तर भिंतीवरच्या डबीत फोनचं एक भोक दिसेल. तेही एफएक्सएसच. आवाज तिथूनच पाकिटांत जातो, तेव्हा या तंत्राला बिचकण्याचं कारण नाही.

कायद्याचं मात्र नीट सांभाळा. दुकान आणि गोदाम यांनी आपापसात इंटरनेटवरून बोलावं. परंतु टेलिकॉम कंपनीला चुकवून बाहेरचे कॉल इंटरनेटवरून आणायचे आणि दुसऱ्या गावच्या सार्वजनिक लाइनवर उतरवायचे, हे बेकायदा आहे. बाहेरच्या कॉलसाठी परवानाधारक कंपनीकडूनच एसआयपी ट्रंक, म्हणजे इंटरनेटवरून येणारी टेलिफोन लाइन, घ्या.

तांब्याच्या लाइनला वीज एक्स्चेंजमधून मिळते, गेटवेला मिळत नाही. वीज गेली की तोही बंद आणि राउटरही. दोन्ही यूपीएसवर ठेवा, आणि जुन्या लाइनपैकी निदान एक तरी तशीच राहू द्या. सुरुवातीला एकाच लाइनवर गेटवे लावून आठवडाभर वापरा. सगळा व्यवहार एकदम त्यावर टाकू नका. गेटवेचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. तो तसाच राहिला, तर चोर रात्रीतून परदेशी कॉल करतात आणि बिल पेढीच्या नावावर येतं.