सहलीआधीचा एक पाठ : नागपूर शहराची ओळख



आपल्या नेरच्या मुलांना नागपूर माहीत असतं, पण ते दवाखान्यामुळे, खरेदीमुळे नाहीतर संत्र्यांमुळे. वर्गात एकदा विचारून पाहा, "नागपूर कोणी वसवलं?" मुलं बहुधा भोसल्यांचं नाव घेतील. खरं उत्तर त्याच्याही आधीचं आहे.

गोंड राजांचे नगर
देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लहान लहान बारा गावं जोडून हे नगर वसवलं. त्याचा मुलगा चांद सुलतान याने इथे राजधानी आणली, शहराला तट बांधला, जुम्मा तलाव केला. तोच आजचा गांधीसागर. आपल्या जिल्ह्यात गोंड, परधान, कोलाम समाजाची मुलं आपल्याच वर्गात बसतात. एवढं मोठं शहर गोंड राजाने वसवलं, हे त्यांना आणि शेजारच्या बाकावरच्या मुलांनाही कळायलाच हवं.

भोसले आणि इंग्रज
पुढे रघूजी भोसले आले. त्यांच्या वाड्यांमुळे 'महाल' भाग ओळखला जातो. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली व इंग्रजांचा वरचष्मा झाला. १८५३ मध्ये राजाला वारस नाही म्हणून राज्यच खालसा केलं. १८६१ मध्ये नागपूर मध्यप्रांताची राजधानी झालं. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस पिकतो त्याच्या जवळच कापड विणायचं, हा त्यामागचा विचार. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला आणि नेरची राजधानीही नागपूर झाली.

१९५६ चे अठरा दिवस
१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. त्यानंतर अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. नागपूरचं राजधानीपण संपलं. आज इथे विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं.

सहल कशी आखाल?
काळाच्या क्रमाने फिरा : गांधीसागर, महाल, सीताबर्डीचा किल्ला, १८६३ चा अजब बंगला, शून्य मैलाचा दगड आणि शेवटी दीक्षाभूमी. किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे, ठरावीक दिवशीच उघडतो. एरवी बाहेरूनच दाखवावा लागतो. वेळ कमी पडला तर बाग वगळा, गांधीसागर वगळू नका. गोष्ट तिथूनच सुरू होते.

उपक्रम
१. वरील सनांची कालरेषा वहीत काढा.
२. घरच्या आजी-आजोबांना विचारा : तुम्ही नागपूरला पहिल्यांदा कधी गेलात, कशासाठी गेलात?

दुसरा प्रश्न पालकांनी मुलांसोबत बसून ऐकावा. पुस्तकात नसलेलं नागपूर त्यातून सापडतं.