पेशंट दुसऱ्या डेंटिस्टकडे चाललाय? फाईल अडवू नका, नीट सोपवा!



डेंटल क्लिनिक सुरू करणाऱ्या, किंवा घरातल्या डॉक्टरांच्या क्लिनिकचा कारभार सांभाळणाऱ्या मंडळींसाठी आजचा धडा आहे. व्हिडिओत मुद्दे भराभर घेतले होते, इथे सविस्तर बघू. तुमचा धंदा वेगळा असला तरी वाचा, शेवटी तुमच्यासाठीही काम दिलंय.

प्रसंग नेहमीचा आहे. काउंटरवर पेशंट येतो आणि म्हणतो, "मॅडम, आमची बदली झाली पुण्याला. माझी फाईल आणि एक्स-रे मिळतील का?" इथे बऱ्याच क्लिनिकमध्ये चेहरे पडतात. "डॉक्टर आल्यावर या", "पुढच्या आठवड्यात बघू", "आम्ही फाईल देत नाही." पेशंट निमूटपणे जातो, पण सोसायटीच्या ग्रुपवर काय लिहितो ते तुम्हाला कळतही नाही.

आधी नियम समजून घ्या

डेंटल कौन्सिलची दंतवैद्यांसाठीची सुधारित आचारसंहिता २०१४ ची आहे. त्यातल्या दोन गोष्टी भिंतीवर लिहून ठेवा:

- उपचार सुरू झाल्यापासून किमान ३ वर्षं रेकॉर्ड जपायचं.
- पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने रेकॉर्ड मागितलं, तर ७२ तासांच्या आत द्यायचं.

म्हणजे फाईल देणं हे उपकार नाहीत, कर्तव्य आहे. "पण त्यांची बाकी आहे ना!" हा प्रश्न हमखास येतो. बाकी जरूर मागा. हिशोबाचा कागद करा, तारीख ठरवा, पाठपुरावा करा. पण त्यासाठी फाईल ओलीस ठेवू नका. वसुलीचं खातं वेगळं, रेकॉर्डचं वेगळं.

फाईल नसली तर नुकसान काय होतं?

तीन उदाहरणं घेऊ.

१) अर्धवट रूट कॅनाल. कोणती दाढ, किती कॅनाल सापडले, त्यांची लांबी किती मोजली, आत कोणतं औषध ठेवलंय, तात्पुरतं सिमेंट कधी भरलं, हे नवीन डॉक्टरांना माहीत नसेल तर त्यांना मोजणीपासून सगळं पुन्हा करावं लागतं. पेशंटचा वेळ जातो, पैसे जातात, एक्स-रे पुन्हा निघतो.

२) इम्प्लांट. खोक्यावर एक स्टिकर असतो. त्यावर कंपनी, जाडी, लांबी आणि लॉट नंबर असतो. वरचा भाग सैल झाला, तर कोणत्या कंपनीचा स्क्रू आणि कोणता ड्रायव्हर लागेल हे त्या स्टिकरवरून कळतं. स्टिकर गेला की नवीन डॉक्टर अंदाजाने शोधत बसतात.

३) ब्रेसेस. हे काम साधारण दीड-दोन वर्षं चालतं, त्यामुळे मधेच गाव बदलणारे पेशंट इथे खूप. सुरुवातीचे फोटो, दातांचे साचे, एक्स-रे, ठरवलेला प्लॅन, सध्या कोणती तार आहे आणि किती पैसे भरून झालेत, एवढं सगळं सोबत गेलं तरच पुढचे डॉक्टर काम हातात घ्यायला तयार होतात.

फाईल सोपवायच्या पाच पायऱ्या

पायरी १: लेखी विनंती घ्या. साधा अर्ज किंवा व्हॉट्सॲप मेसेज चालेल, पण नोंदलेल्या नंबरवरूनच. भाऊ, नवरा, शेजारी कुणी आलं तर पेशंटचं सहीचं पत्र मागा. लहान मूल असेल तर आई-वडिलांची सही. विनंती मिळाल्याची पोच द्या, ७२ तास तिथून मोजा.

पायरी २: एक पानी सारांश तयार करा. पूर्ण फाईल वाचायला नवीन डॉक्टरांना वेळ नसतो. सारांशात हे असू द्या:

- नाव, वय, पहिली आणि शेवटची भेट
- शुगर, बीपी, ॲलर्जी, रक्त पातळ करणारी किंवा हाडं ठिसूळ होण्यावरची औषधं
- झालेलं काम, दातानुसार आणि तारखेसह
- अर्धवट राहिलेलं काम
- भरलेली आणि बाकी रक्कम

पायरी ३: दाताचा नंबर लिहा, सोबत शब्दातही लिहा. आपल्याकडे दोन आकडी पद्धत चालते. ४६ म्हणजे खालची उजवी पहिली मोठी दाढ. पण अमेरिकेत १ ते ३२ असे सरळ नंबर असतात. आपला १४ म्हणजे वरची उजवी पहिली उपदाढ आणि त्यांचा १४ म्हणजे वरची डावी पहिली मोठी दाढ! पेशंट शिकायला किंवा नोकरीला तिकडे चालला असेल, तर नुसत्या आकड्याने बाजू आणि दाढ दोन्ही चुकू शकतात.

पायरी ४: एक्स-रे नीट पाठवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, बारीक तपशील पुसट होतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा ईमेल करा. थ्रीडी स्कॅनची फाईल मोठी असते, ती मूळ डायकॉम स्वरूपात पेन ड्राइव्हवर द्या. फाईलच्या नावात तारीख आणि दाताचा नंबर टाका. पेशंटने बाहेरच्या सेंटरमधून स्वतःच्या पैशाने काढून आणलेला ओपीजी मूळच परत करा, आपल्याकडे त्याची प्रत ठेवा.

पायरी ५: पोच घ्या. काय दिलं, कधी दिलं, कुणी घेतलं, सही. मूळ केस पेपर आणि संमतीपत्रं तुमच्याकडेच राहतात, पेशंटला प्रती जातात. उद्या वाद झाला तर हीच पोच कामाला येते.

काउंटरवरच्या ताईंसाठी तयार मेसेज:

"नमस्कार. तुमची रेकॉर्डची विनंती आज मिळाली. सारांश, एक्स-रे आणि बिलांच्या प्रती तीन दिवसांच्या आत तयार ठेवतो. नवीन डॉक्टरांना काही विचारायचं असेल तर याच नंबरवर फोन करायला सांगा. पुढच्या उपचारांसाठी शुभेच्छा."

नवीन पेशंट येतो तेव्हा

हीच गोष्ट उलट्या बाजूनेही करा. अपॉइंटमेंट देतानाच विचारा, "आधीच्या डॉक्टरांकडचे एक्स-रे, बिलं, इम्प्लांट किंवा कॅपचं कार्ड आहे का? येताना घेऊन या." नसेल तर पेशंटला विनंतीचा मजकूर लिहून द्या, तो त्याने स्वतः पाठवावा. आणि आधीच्या डॉक्टरांच्या कामावर पेशंटसमोर टीका नको. त्या दिवशी तोंड किती उघडत होतं, पेशंट किती वेळ बसला, हे आपल्याला माहीत नसतं.

यात धंदा कुठे आहे?

समजा, सारांश करायला तुमची वीस मिनिटं गेली. गेलेला पेशंट गेलाच आहे, फाईल अडवून तो परत येणार नाही. पण त्याचे आई-वडील, मोठा भाऊ, जुने शेजारी अजून तुमच्याच गावात आहेत. शिवाय तुमचा नीट सारांश पुण्याच्या डॉक्टरांच्या टेबलावर जातो. त्यांचा एखादा पेशंट तुमच्या गावी राहायला आला, तर त्यांना तुमचं नाव आठवायला कारण मिळतं.

आजचा गृहपाठ

१. क्लिनिकवाल्यांनी: कपाटातल्या कोणत्याही पाच फाईल काढा. प्रत्येकीचा एक पानी सारांश वीस मिनिटांत होतो का, घड्याळ लावून बघा. नाही झाला, तर नोंदी लिहिण्याची पद्धत आजच सुधारा.

२. इतरांनी: टेलरकडे मापं असतात, जिमकडे वजनाच्या नोंदी, क्लासकडे मार्क, ब्यूटी पार्लरकडे कोणता हेअर कलर वापरला त्याची नोंद. तुमचं गिऱ्हाईक उद्या निघालं तर त्याच्या हातात कोणता कागद द्याल? त्याची यादी करा.

यादी झाली की व्हिडिओखाली कमेंटमध्ये लिहा, पेशंटची नावं मात्र टाकू नका. भेटू पुढच्या धड्यात!