ग्रँड कॅन्यन : खाण, उद्यान आणि माणूस

खाणकाम व निसर्गरक्षण ही दोन विरुद्ध टोके आहेत, असे आपण सहज म्हणतो. परंतु अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातील ग्रँड कॅन्यनचा इतिहास तपासला, तर ही दोन्ही एकाच भूमीवर शेजारी-शेजारी नांदताना दिसतात. विद्यार्थी मित्रांनी हा विषय बारकाईने अभ्यासावा, असे आम्हाला वाटते.

रुक्ष पठारात कोलोरॅडो नदीने कोरलेली ही दरी सुमारे ४४६ किलोमीटर लांब व दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. १९१९ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले. तरीही दक्षिण कड्यावरील 'ऑर्फन' खाणीतून १९५६ ते १९६९ पर्यंत युरेनियम काढले गेले. कारण त्या जागेवरील खाणहक्क उद्यानाच्या आधीचा, १८९३ चा होता. १८७२ चा खाण कायदा अशा हक्कांना आधार देतो.

येथील मूळ रहिवासी हवासुपाई लोक. १८८२ साली सरकारने त्यांना अवघ्या ५१८ एकरांत कोंडले. पठारावरील जमीन मिळवण्यासाठी त्यांना १९७५ पर्यंत झगडावे लागले. तेव्हा सुमारे १,८५,००० एकर परत मिळाले. म्हणजे केवळ खाणीनेच नव्हे, तर निसर्गरक्षणाच्या व्यवस्थेनेही माणसाला डावलले.

२०१२ साली सरकारने सुमारे १० लाख एकरांवर नव्या खाणदाव्यांना २० वर्षे बंदी घातली. २०२३ साली परिसरातील ९ लाखांहून अधिक एकर राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाले. पण जुने वैध हक्क अबाधित राहिले. त्याच वर्षाअखेर 'पिन्यन प्लेन' खाणीत युरेनियमचे उत्पादन सुरू झाले. अणुवीजेसाठी हे खनिज हवे आणि भूजलाला धोका नाही, ही कंपनीची बाजू; भूजल एकदा दूषित झाले तर आमच्या झऱ्यांचे काय, हा हवासुपाईंचा प्रश्न.

ही भीती निराधार म्हणता येत नाही. शेजारच्या नवाहो प्रदेशात १९४४ ते १९८६ या काळात युरेनियम खणले गेले. तेथे ५०० हून अधिक खाणी उघड्या टाकून दिल्या गेल्या. बाधित खाणकामगारांना भरपाई देणारा कायदा १९९० साली आला. अखेर २००५ साली नवाहो शासनाने आपल्या भूमीवर युरेनियम खाणकामास बंदी घातली.

यातून आपण काय शिकावे? वीज हवी, निसर्गही हवा. मात्र लाभ एकाचा आणि धोका दुसऱ्याचा, ही वाटणी न्यायाची नव्हे. ज्याच्या पाण्याचा प्रश्न आहे, त्याचा शब्द निर्णयाच्या आधी ऐकला पाहिजे, नुकसानीनंतर नव्हे.