बसून राहिलेल्या ट्रॅक्टरांतील बिघाड कसा ओळखावा

खरिपाची पेरणी आटोपली कीं आमच्या भिवापुराकडे ट्रॅक्टर छपरीखालीं उभा राहतो. झड लागली म्हणजे काळ्या जमिनींत तो घालतां येत नाहीं, डवरणी बैलांवर होते, आणि यंत्र दोन-दोन महिने जागचें हालत नाहीं. पुढें सोयाबीन निघून हरभऱ्यास वाफसा आला, म्हणजे नेमकें त्याच सकाळीं तें चालू होत नाहीं. वाफसा थोडेच दिवस टिकतो, आणि उमरेडचा मिस्त्री त्याच दिवसांत सर्वांना हवा असतो. म्हणून दोष कोठें आहे हें शेतकऱ्यानें स्वतः ओळखावें, या हेतूनें हा पाठ आम्ही देत आहों.

उभ्या यंत्रांत दोष एंजिनाच्या पोटांत क्वचितच असतो. बहुधा तो विजेंत, डिझेलांत किंवा हवेच्या वाटेंत असतो. तरीही किल्लीस हात लावण्यापूर्वीं ऑइल मोजण्याची पट्टी काढून पाहावी. ऑइल ताकासारखें पांढुरकें दिसलें, किंवा पातळी वाढलेली आढळली, तर त्यांत पाणी अगर डिझेल उतरलें असें समजून यंत्र चालू करूं नये. उभ्या धुराड्यांतून पावसाचें पाणी सिलिंडरांत जाऊं शकतें. पाणी दाबलें जात नाहीं. अशा स्थितींत स्टार्टर मारला, किंवा घाईनें दुसऱ्या ट्रॅक्टरास बांधून ओढलें, तर कनेक्टिंग रॉड वांकतो व शेंकड्यांचें काम हजारांवर जातें. धुराड्यावर रिकामा डबा उपडा घालावा तो याचसाठीं.

नंतर दिवे लावून किल्ली फिरवावी. दिवे मंदावून नुसता ‘कट्’ आवाज झाला, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोकांवर खार चढला आहे. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखविते. १२ वर आली म्हणजे बरीचशी रिकामी झाली. टोकें खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें पुसावीं. मात्र आधीं ऋण बाजूची वायर सोडवावी. दिवे लखलखीत आणि आवाज मुळींच नाहीं, तर वायर उंदरानें कुरतडली आहे काय तें पाहावें. कित्येक ट्रॅक्टर क्लच दाबल्यावांचून चालूच होत नाहींत, हेंही विसरूं नये.

एंजिन जोरानें फिरतें, पण धूरच निघत नाहीं, तर डिझेल पोंचत नाहीं. याचें मूळ पुष्कळदां अर्धवट भरलेल्या टांकींत असतें. रिकाम्या भागांतील दमट हवेचें रात्रीं दंव बनतें, तें पाणी तळाशीं बसतें, पाणी व डिझेल यांच्या सीमेवर बुरशी धरते आणि फिल्टर तुंबतो. फिल्टरच्या तळचा स्क्रू सैल करून थोडें डिझेल कांचेच्या बाटलींत घ्यावें व स्थिर ठेवावें. पाणी खालीं वेगळें दिसतें. तें काढून टाकावें, फिल्टर बदलावा, आणि हवा काढण्याचा स्क्रू ढिला करून हातपंप मारीत राहावें. बुडबुडे थांबून अखंड धार आली कीं स्क्रू आंवळावा. नोझलच्या फवाऱ्यापुढें बोट कधींही धरूं नये. तो कातडी भेदून आंत शिरतो. एवढें झाल्यावांचून पंप खोलूं देऊं नये. पंचनाम्यापूर्वींच हुकूम लिहिणारे कारकून आम्हीं पाहिले आहेत. आधीं पंप खोलणारा मिस्त्री त्यांतलाच.

काळा धूर येऊन एंजिन ओढत नसेल, तर एअर क्लीनर उघडावा. आंत उंदराचें घरटें सांपडल्यास नवल मानूं नये. शेजारीं मिरचीचीं पोतीं आहेत म्हणून निर्धास्त राहूं नये; भिवापुरी मिरचीची कीर्ति उंदरांच्या कानीं गेलेली नसते.

एंजिन चालू झालें, परंतु क्लच पूर्ण दाबूनही गियर करकरतो व पडत नाहीं, तर क्लचची प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली असण्याचा संभव आहे. येथें मात्र मिस्त्रीच बोलवावा.