आई पेपरला, बाळ आजीकडे: पाच तासांच्या दुधाचा हिशेब

गेल्या मे महिन्यात लेकीचा पेपर होता. पेपर तीन तासांचा, पण तासभर आधी आत जायचं, सुटल्यावर गर्दीतून बाहेर यायला अर्धा तास, वर थोडा उशीर. म्हणजे पाच तास. नातू चार महिन्यांचा, निव्वळ अंगावर पिणारा. केंद्रासमोरच्या झाडाखाली त्याला घेऊन मी आणि जावई बसणार होतो.

त्याआधी महिनाभर एका लग्नाला जाताना मी चूक करून बसले होते. लेकीनं पहाटे उठून काढलेलं दूध मी कोमट करून थर्मासात भरलं, बाळाला गार दूध नको म्हणून. दोन तासांनी झाकण उघडलं तर आंबूस वास. सगळं ओतून द्यावं लागलं आणि बाळ भुकेनं कळवळून रडलं. दूध कोमट ठेवलं की त्यात जंतू झपाट्यानं वाढतात. थर्मास लागतो, पण गरम पाण्यासाठी. दूध बर्फातच न्यायचं आणि पाजायच्या वेळी वाटीभर गरम पाण्यात डबी ठेवून कोमट करायचं. एवढं एक कळलं की बाकीचा खर्च आपोआप आटोक्यात येतो.

आधी किती दूध लागतं ते पाहू. एक ते सहा महिन्यांचं अंगावर पिणारं बाळ दिवसाकाठी साधारण पाऊण लिटर दूध पितं, म्हणजे तासाला सरासरी ३० मिली. पाच तासांना १५० मिली पुरतं. जास्तीचे ६० मिली वेगळ्या डबीत ठेवावेत. सगळं एकाच बाटलीत भरू नये, कारण बाळाच्या तोंडाला लागलेलं उरलेलं दूध दोन तासांत संपवावं लागतं, नाहीतर टाकावं लागतं. ६०-६० मिलीच्या डब्या केल्या तर वाया गेलंच तर थोडं जातं. आईनं पिळून काढलेलं दूध ओतून देताना काय वाटतं, ते मी लेकीच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.

दूध काढायला पंप लागतोच असं नाही. आमच्याकडे हातानं काढलं, खर्च शून्य. गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यानं छाती शेकायची. अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या कडेला समोरासमोर ठेवायची, आधी छातीकडे दाबायची, मग एकमेकांकडे. बोटं कातडीवरून घासायची नाहीत. पहाटे छाती दाटलेली असते, तेव्हा एका बाजूला बाळ आणि दुसऱ्या बाजूला वाटी. पहिल्या दिवशी जेमतेम दोन चमचे निघतात, त्यानं धीर सोडू नये. तीन-चार दिवस आधीपासून रोज थोडं काढलं की पुरेसं साठतं. ताजं दूध फ्रिजमधल्या दुधात घालायच्या आधी तेही गार करून घ्यावं.

साठवण कळली की पैसे वाचतात. २५ अंशांपर्यंतच्या खोलीत काढलेलं दूध चार तास टिकतं. मे महिन्यातल्या पुण्यात तो भरवसा धरू नये. फ्रिजच्या आतल्या बाजूला चार दिवस टिकतं, दारातल्या कप्प्यात मात्र ठेवू नये. गोठवलेलं सहा महिन्यांपर्यंत चांगलं राहतं, पण एकदा वितळलं की चोवीस तासांत वापरायचं आणि पुन्हा गोठवायचं नाही. थंड पिशवीत पूर्ण गोठलेल्या जेलच्या पुड्या घालून नेलं तर चोवीस तास निभतात. मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये, दूध मध्येच चटका बसेल इतकं तापतं. दुधावर साय धरली तर ते नासलेलं नाही, डबी अलगद फिरवली की मिसळते.

आता खरेदी. थंड पिशवी ३०० ते ८०० रुपयांना मिळते, आम्ही ४०० रुपयांची घेतली. जेलच्या दोन पुड्या २०० रुपयांना. घट्ट झाकणाच्या छोट्या स्टीलच्या चार डब्या २४० रुपये. दूध साठवायच्या प्लॅस्टिक पिशव्यांचा ३०चा संच २५० ते ५०० रुपयांना येतो. त्या एकदाच वापरायच्या, म्हणून कधीतरी बाहेर पडणाऱ्या घराला डब्या परवडतात. थर्मास घरचाच.

पाजायचं कशानं, यावर घरोघरी वाद होतात. बाळाला बाटलीची सवय लागली तर काहीजणं पुढे अंगावर नीट धरत नाहीत, आणि प्रवासात बाटलीचं बूच धुऊन उकळणं अवघड. वाटी-चमचा किंवा आपलं जुनं चोचीचं बोंडलं हे दोन्ही बरे, आणि बालरोगतज्ज्ञही वाटी-चमचाच सुचवतात. स्टीलचं बोंडलं १०० ते २०० रुपयांना मिळतं. पितळेचं असेल तर दुधाला वापरू नका, चांदीचं चालेल. चोचीच्या आत दूध वाळून बसतं, म्हणून बारीक ब्रशनं घासून झाकणाच्या भांड्यात दहा मिनिटं उकळावं. पाजताना बाळाला मांडीवर उभट धरायचं, चमचा खालच्या ओठाला टेकवायचा आणि त्यानं जीभ पुढे काढून घेतलं तरच द्यायचं. तोंडात ओतायचं नाही. अर्धा तास लागतो, मध्ये ढेकर काढावी लागते, लाळेरं तीनदा बदलावं लागतं. घाई असणाऱ्यानं हे काम अंगावर घेऊ नये. आणि सराव घरीच करा, आई खोलीबाहेर असताना. तिचा वास आला की बाळ चमच्याकडे ढुंकून बघत नाही.

बाटली घ्यायचीच ठरली तर प्लॅस्टिकवर आय.एस. १४६२५ आणि आय.एस.आय.ची खूण बघून घ्या. सप्टेंबर २०२५ पासून दुधाच्या बाटल्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. छापील किमतीत कर धरलेला असतो, दुकानदार वर मागत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर कळवा. बाटली किंवा पावडरच्या दुधाच्या डब्यावर कुणी ‘एकावर एक मोफत’ देऊ लागलं तर तेही घेऊ नका. १९९२च्या कायद्यानं अशी जाहिरात, भेटवस्तू आणि नमुने देण्यास मनाई आहे, आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पंपाचं म्हणाल तर, साधा हाताचा पंप ५०० ते दीड हजार, विजेचा दीड ते चार हजार, आणि नावाजलेल्या परदेशी कंपन्यांचे त्याहून बरेच महाग. एका लग्नासाठी किंवा एका पेपरासाठी हा खर्च नको. रोज नोकरीला जाणारीला मात्र पंप उपयोगी पडतो. तिनं विकत घेण्यापूर्वी आधी कार्यालयात विचारावं. कायद्यानं पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा आहे. कामावर परतल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन स्तनपान-विराम मिळतात, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर असावं लागतं. तिथे दिवसातून चारदा बाळाकडे जाता येतं. हे मिळालं तर पंपाचे पैसे कदाचित लागणारच नाहीत. वापरलेला पंप कुणाकडून घेऊ नका, कितीही धुतला तरी त्याच्या नळीत दूध राहू शकतं. आणि बहुतेक दुकानं उघडलेला पंप परत घेत नाहीत, तेव्हा पेटी उघडण्याआधी छातीवर बसणाऱ्या फनेलचं माप बघा.

‘मिल्क बँकेतून आणता येईल का’ असं मला दोघींनी विचारलं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ पासून अशी बँक आहे, पण ते दूध कमी दिवसांच्या आणि आजारी बाळांसाठी असतं. ते त्यांच्यासाठीच राहू द्यावं.

बाहेर बसलं की ओळखीपाळखीचे सल्ले येतात. पाणी पाजा, ग्लुकोज द्या, मधाचं बोट लावा, गाईचं दूध पातळ करून द्या. सहा महिन्यांपर्यंत यातलं काहीही नको, उन्हाळ्यातलं पाणीसुद्धा नको. मधात बॉट्युलिझमचे जंतू असू शकतात, म्हणून तो वर्षभर टाळायचा. ठाम नाही म्हणायची ही जबाबदारी आजीनंच घ्यावी, सुनेवर किंवा लेकीवर ढकलू नये.

आईसाठीही दोन गोष्टी हव्यात. पाच तासांत तिची छाती दाटते, झबलं भिजतं तसा कपडा भिजतो. जुन्या मऊ धोतराच्या घड्या आत ठेवाव्यात. आणि तिच्या येण्याच्या वेळेआधी तासभर बाळाला भरपेट पाजू नये, चार चमच्यांवर भागवावं, म्हणजे ते लगेच तिला लागतं. एसटी स्टँडवरून परतणार असाल तर तिथल्या हिरकणी कक्षात तिला निवांत बसू द्या.

त्या दिवशी बोंडलं धरून आम्हाला एकूण ९९० रुपये खर्च आला, आणि पिशवी, डब्या, बोंडलं अजून वापरात आहेत. तुमच्या माळ्यावर जुनं स्टीलचं बोंडलं पडलं असेल तर आजच काढून उकळा, आणि बाहेर पडायच्या चार दिवस आधीपासून त्यानंच पाजून बघा.