आयकिडो शिकवायचा तर आधी पडणं

जालना–जिंतूर रस्त्यावरून सेलूकडे वळायचं ते देवगाव फाट्याला. तिथल्या एखाद्या गावात आयकिडो या जपानी युद्धकलेच्या चटया मिळायच्या नाहीत, पण त्यावाचून अडतही नाही. अडतं ते जमिनीशी. आपली काळी माती उन्हाळ्यात कडक होऊन भेगाळते आणि पावसात पायाला चिकटते. म्हणून मैदानाऐवजी शाळेची मोठी खोली किंवा पत्र्याचं शेड धरा. मे महिन्यात वर्ग सकाळी सातच्या आत संपवा.

गोण्यांत सुका भुसा वीतभर जाडीचा होईल एवढा ठासून भरा. गोण्या शेजारी शेजारी लावून एकमेकींना शिवून टाका, कारण मधल्या फटीत पाय गेला की घोटा मुरगळलाच. वर ताडपत्री ताणा. नुसत्या ताडपत्रीवर कोपरं सोलवटतात, तेव्हा तिच्यावर जाड सुती सतरंजी टाका आणि कडा शिवा. भिंत गोण्यांपासून दोन हात लांब हवी. वर्गाआधी कडेच्या गोण्या उचलून विंचू बघायचा, हे रोजचं काम. भुशाच्या धुळीने एखाद्याला दमा उठत असेल तर त्याच्यापुरत्या घरच्या गोधड्या अंथरा.

आता मुलं. कबड्डी आणि कुस्तीच्या फडामुळे त्यांना भिडायची सवय असते. पडताना मात्र ती हात टेकवतात, आणि मनगट तिथेच मोडतं. म्हणून पहिले काही आठवडे फेकाफेक नाही. मुलाला उकिडवं बसवा. हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या नाडीच्या गाठीवर. पाठ गोल ठेवून मागे झुलायचं आणि दोन्ही तळहात अंगापासून थोडे दूर जमिनीवर आपटायचे. गाठीवरची नजर सुटली की डोकं मागे जातं, तेव्हा तुम्ही नजरेवरच लक्ष ठेवा. हे जमल्यावर अर्धं उभं राहून, मग पूर्ण उभं राहून. कुणी घाबरत असेल तर त्याला उकिडव्यातच राहू द्या, घाई करू नका.

पुढची कोलांटी एका गुडघ्यावरून. उजव्या करंगळीची कड जमिनीला, मग कोपर, मग खांदा, आणि तिथून तिरकं डाव्या कुल्ल्यावर. डोकं जमिनीला लागताच कामा नये. सरळ डोक्यावरून जाणारी शाळेची कोलांटी ही नव्हे, हे करून दाखवावं लागतं.

त्यानंतर जोड्या. डाव्या हाताने समोरच्याचं उजवं मनगट धरायचं. ज्याचं धरलं त्याने ओढाताण करायची नाही. उजवं पाऊल जोडीदाराच्या पायाबाहेर सरकवायचं, कंबर वळवायची आणि डावा पाय गोल मागे न्यायचा. आता दोघांची तोंडं एकाच दिशेला. धरलेला हात आपल्या पोटासमोरच राहिला पाहिजे. याला तेनकान म्हणतात. लहान मुलांना यातली गंमत लगेच कळते, कारण जोर लावणाराच पुढे खेचला जातो.

थाप हा नियम पहिल्याच दिवशी सांगा. दुखलं की दोनदा थाप, आणि थाप ऐकताक्षणी हात सुटलाच पाहिजे. ज्याने उशिरा सोडला त्याला त्या दिवशी बाजूला बसवा. मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) यांनी घडवलेल्या या विद्येत, त्यांच्या घराण्याच्या आयकिकाई परंपरेत, स्पर्धा नसतात. मग मुलाची प्रगती कशावरून ठरवायची? मी तर जोडीदार न दुखता उठला का, एवढंच बघेन. पाडणाऱ्यावर पडणाऱ्याची जबाबदारी असते, आणि मुलांना द्यायचं ते हेच.

बारा-तेरा वर्षांखाली मनगटाचे, कोपराचे पेच शिकवू नका. हाडांच्या टोकांशी वाढीचा भाग कोवळा असतो. गुडघ्यांवर चालणंही थोडकंच.

मोठ्या मुला-मुलींना जोडीदार स्वतः निवडू द्या, आणि विचारल्याशिवाय हात धरायचा नाही. पालकांना वर्गात बसायला जागा ठेवा. या वयात जोर येतो आणि भान मागे राहतं, म्हणून शिहो-नागे ही फेक फार जपून. यात जोडीदाराचा हात त्याच्याच खांद्याकडे दुमडतो आणि तो सरळ पाठीवर जातो. जपानमध्ये या फेकीने डोक्याला मार लागून विद्यार्थी दगावले आहेत. तेव्हा मूठ खांद्याशी आली की थांबायचं आणि जोडीदाराने स्वतःहून बसत मागे जायचं. डोकं आपटलंच तर त्या मुलाचा सराव तिथेच बंद, घरी कळवा. उलटी, गुंगी किंवा वाढती डोकेदुखी दिसली तर सकाळची वाट न बघता सेलूला किंवा परभणीला दवाखान्यात न्या.