होकायंत्राची रसद

युद्धांतील रसद म्हटली म्हणजे धान्याचीं पोतीं, दारूगोळा व जनावरांची वैरण हीं डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु सैन्यांत अशींही यंत्रें असतात कीं, जीं गोळी झाडीत नाहींत, तट पाडीत नाहींत, आणि तरीही नित्य कांहीं तरी पुरविल्यावांचून चालत नाहींत. संदेश पोंचविणारीं व दिशा दाखविणारीं यंत्रें तीं हीं. त्यांना काय पुरवावें लागतें, व तें न पुरविल्यास काय होतें, हें या लेखांत पाहूं. पेण-रोह्याच्या विद्यार्थ्यांस हा विषय दूरचा वाटेल. पण त्याचा एक धागा आपल्या अलिबागेस जाऊन मिळतो.

प्रथम बिनतारी यंत्र घेऊं. दुसऱ्या महायुद्धांत ब्रह्मदेशाच्या रानांत हें यंत्र एकटें जात नसे. त्याच्या मागें जड बॅटऱ्या, त्या भरण्याचें लहानसें इंजिन आणि त्या इंजिनाचें पेट्रोल, असा परिवार खेचरांच्या पाठीवर चाले. पेट्रोल संपलें कीं बॅटरी उतरे, आणि बॅटरी उतरली कीं पलटण मुकी होई. त्यांत तेथील पाऊस! रोह्यास आषाढांत चामड्याचे जोडे चार दिवस कोपऱ्यांत राहिले तर त्यांवर बुरशी चढते. ब्रह्मदेशांत त्याच बुरशीनें तारांचें वेष्टन कुजविलें व दुर्बिणींच्या कांचा आंधळ्या केल्या. अशा यंत्रांची दुरुस्ती हें स्वतंत्र शास्त्रच आहे, हें ध्यानीं येऊन १९४३ सालीं हिंदी सैन्यांत विद्युत् व यांत्रिक कामाच्या इंजिनियरांचें वेगळें दल उभारण्यांत आलें.

आणि यंत्र मुकें झालें तर? तर मनुष्यास धांवावें लागतें. इटलींत सेनिओ नदीच्या कांठीं ९ एप्रिल १९४५ रोजीं मराठा लाइट इन्फंट्रीचा शिपाई नामदेव जाधव हा आपल्या कंपनीचा निरोप्या होता. पुढें गेलेल्या तुकडीचा जवळजवळ नाश झाला असतां त्यानें दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यांतून व सुरुंगांच्या पट्ट्यांतून परत आणलें, शत्रूच्या तीन मशीनगनींचीं ठाणीं बंद पाडलीं, आणि मग बांधावर उभें राहून मराठ्यांची रणगर्जना करीत मागच्या कंपन्यांना पुढें येण्याची खूण केली. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या दिवशींचा सर्वांत महत्त्वाचा संदेश बॅटरीवांचून गेला. मात्र त्याची किंमत निराळ्या नाण्यांत मोजावी लागली.

आतां होकायंत्राकडे वळूं. याला बॅटरी नको, पेट्रोल नको. मग रसद कसली? याची रसद म्हणजे एक आंकडा. चुंबकसूची खऱ्या उत्तरेकडे नेमकी बोट दाखवीत नाहीं. ती किंचित् बाजूस वळलेली असते, हें वळण स्थळास्थळास निराळें असतें, आणि त्याच स्थळींही वर्षागणिक सरकत जातें. रेवदंड्याहून निघालेल्या गलबताचा तांडेल किनारा पाहत जातो. अंशभर चुकीनें त्याचें बिघडत नाहीं. परंतु ६०० सागरी मैल गेलेलें जहाज एका अंशाच्या चुकीनें सुमारें १० मैल बाजूस पडतें. शत्रूच्या पाणसुरुंगांतून वाट काढावयाची असतां दहा मैल म्हणजे प्राणांचा प्रश्न होय.

हा आंकडा ताजा राखावयाचा तर चुंबकत्वाची नोंद अखंड घ्यावी लागते. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत अशा नोंदी १८४१ पासून होत असत. (आपला जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा म्हणविला जाई, तो मात्र अलिबागेच्या किल्ल्यावरून, मुलांचा येथें नेहमीं घोटाळा होतो.) पुढें मुंबईस विजेची ट्राम येणार असें ठरलें. विजेच्या प्रवाहाजवळ सूची ढळते, म्हणून वेधशाळेचे प्रमुख डॉ. नानाभाई मूस यांच्या कारकीर्दींत हें काम अलिबागेस हलविण्यांत आलें. इमारतीस लोहांश नसलेला निवडक पोरबंदरी दगड वापरला. १९०४ ते १९०६ अशीं दोन वर्षें दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेशीं सांधतां आली. मला त्या मनुष्याची ही सबुरी मोठी वाटते. मुंबईची ट्राम १९०७ सालीं धांवली, तेव्हां सूची खाडीपलीकडे सुरक्षित होती.

अशा नोंदींवरून जे नकाशे होतात त्यांची गरज युद्धांत दुप्पट झाली. १९३९ सालीं जर्मनांनीं समुद्रांत चुंबकी सुरुंग पेरले. वरून लोखंडी जहाज गेलें कीं ते फुटत. उपाय म्हणून जहाजांभोंवतीं तारेचीं वेटोळीं बसवून, वीज सोडून, जहाजाचें चुंबकत्व मारूं लागले. वीज किती सोडावयाची हें त्या समुद्रांतील पृथ्वीच्या चुंबकत्वावर अवलंबून असे. शिवाय त्याच विजेनें जहाजाचें होकायंत्र बिघडे, म्हणून तेंही पुन्हा जुळवावें लागे!

सूर्यही यांत ढवळाढवळ करतो. सप्टेंबर १८५९ चें प्रचंड चुंबकी वादळ कुलाब्याच्या नोंदींत उमटलेलें आहे. त्या वेळीं अमेरिकेंत कांहीं तारमास्तरांनीं बॅटरी सोडवून केवळ त्या वादळाच्या प्रवाहावर तारा केल्या. फेब्रुवारी १९४२ मध्यें इंग्लंडांतील रडारयंत्रें एकाएकीं आंधळीं झालीं. शत्रूचीच करणी, असा संशय आला. हे नांवाच्या शास्त्रज्ञानें ती सूर्याची असल्याचें दाखविलें.

आज दिशा उपग्रह सांगतात. पण रसद चुकली आहे काय? अमेरिकेच्या जी.पी.एस. चा नागरी संकेत मे २००० पर्यंत मुद्दाम अंधुक ठेवलेला असे. दुसऱ्याच्या कोठारांतील धान्य तें, मापही त्याचेंच. भारतानें आपल्या 'नाविक' मालिकेचा पहिला उपग्रह २०१३ सालीं सोडला, आणि पुढें त्यांतील तिन्ही अणुघड्याळें बंद पडलीं. तेथें खेचर जाऊं शकत नाहीं. बदली उपग्रह ऑगस्ट २०१७ मध्यें निघाला, तो आवरण न सुटल्यामुळें वायां गेला. दुसरा एप्रिल २०१८ मध्यें जागेवर पोंचला. विमानांत व जहाजांत होकायंत्र अद्याप असतेंच, आणि अलिबागेस चुंबकत्वाची नोंद आजही चालू आहे.